खेकडा घरातच शिजला पाहिजे

पाऊस सुरू झाला की मावळात एक मत हमखास ऐकू येतं, आणि दरवर्षी ते जास्त ठामपणे मांडलं जातं. खेकडा खायचाच असेल तर हॉटेलात जाऊन खावा; घरी आणून तो मोडणं, कुटणं, गाळणं हा उपद्व्याप आता सोडून द्यावा. त्यासाठी चार कारणं पुढे केली जातात. कष्टाच्या मानाने हाती मांस लागत नाही. चिखलातला प्राणी, म्हणून घाण आणि रोगराई. जिवंत प्राणी घरात मारणं क्रूरपणाचं. आणि डोंगरातले खेकडे कमी होत चाललेत, तेव्हा निदान आपण तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्यांत हे बोललं जातं. आता कामशेत, पवनानगरकडच्या जुन्या घरांतली तरुण मंडळीही तेच बोलू लागली आहेत. असं बोलणारी माणसं विचार न करता बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांच्या शेवटच्या दोन कारणांत चांगलंच तथ्य आहे. पण त्या कारणांतून ते जो निष्कर्ष काढतात तो मला साफ चुकीचा वाटतो. खेकडा खायचाच नसेल तर प्रश्न मिटला. त्या निर्णयाचा मी मान राखतो. पण खायचा असेल, तर तो जिवंत बघून घ्यावा, स्वतःच्या हाताने साफ करावा आणि घरच्या चुलीवर पूर्ण शिजवावा. खाणाऱ्याच्या तब्येतीला त्यातच कमी धोका आहे आणि खेकड्याच्या जातीलाही त्यातच.

पहिला आक्षेप कष्टाचा. इथे मोजमापच चुकतं. आपल्या ओढ्यातला, भातखाचरातला खेकडा खाडीतल्या मोठ्या चिंबोरीशेजारी ठेवून दोघांचं मांस तोललं तर आपला खेकडा हरणारच. पण मावळात खेकडा मांसाच्या हिशोबाने कधी केलाच जात नाही. तो रश्श्यासाठी केला जातो, आणि रस्सा ज्या भागांतून उतरतो ते भाग या तोलात कुठे धरलेलेच नसतात.

साफ केलेल्या खेकड्याच्या नांग्या आणि धड बाजूला ठेवतात. बारीक पायांतून दाताने काही निघणं अवघड, म्हणून ते पाट्यावर किंवा खलबत्त्यात कुटतात. आता मिक्सरमध्ये थोडं पाणी घालून फिरवतात. तो चोथा फडक्यातून पिळला की राखाडी, गढूळ पाणी उतरतं. दिसायला त्यात काही नसतं. पण पायांच्या स्नायूंतलं प्रथिन त्यात उतरलेलं असतं, आणि प्रथिन तापलं की गोठतं. म्हणून हे पाणी खळखळत्या रश्श्यात एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि वर पाणी राहतं. तेच पाणी, वाटण परतून झाल्यावर, आच मंद असताना, ढवळत ढवळत सोडलं तर बारीक कणांनी सगळीकडे पसरतं आणि मग उकळी आली की रश्श्याला दाटपणा येतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि आलं यांचं वाटण, घरचा काळा मसाला, आंबटपणाला दोन आमसुलं, एवढ्यावर हा रस्सा उभा राहतो. पीठ लावून तो दाट करावा लागत नाही. भरलेला खेकडा करायचा असेल तेव्हा मात्र बेसन लागतं: मसाल्यात कालवलेलं बेसन पाठीच्या कवचात भरायचं, धड वर बसवून दोऱ्याने बांधायचं आणि त्याच रश्श्यात सोडायचं.

सोबत तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेलं हे वाण शिजलं की मऊ, जरा चिकट होतं, आणि पातळ रस्सा धरून ठेवायला असाच भात लागतो. ज्या खाचरात तो पिकतो त्याच खाचराच्या बांधात हा खेकडा राहतो. एका शिवारातल्या या दोन गोष्टी एका ताटात येतात तेव्हा मांस किती ग्रॅम निघालं हा प्रश्न गैरलागू ठरतो.

कवच फोडायला वेळ लागतो हेही दोष म्हणून सांगितलं जातं. मला तो गुण वाटतो. नांगी बत्त्याने जपून चेचायची, कवचाचे तुकडे वेचायचे, धडाच्या कप्प्यांतून मांस काढायचं, हे घाईत होत नाही. आधी नातवाला नांगीतलं मांस काढून देणारी आजी आणि ते कसं काढायचं हे बघून शिकणारा नातू, दोघंही त्या वेळेपुरती एकाच कामात असतात. खाणं थोडं होतं आणि बसणं फार. ज्यांना हा वेळ नको असतो त्यांच्यासाठी बाजारात गोठवलेल्या क्रॅब स्टिक मिळतात. १९७० च्या दशकात जपानमध्ये तयार झालेला तो पदार्थ मुळात माशाच्या लगद्याचा असतो; खेकड्याची चव आणि रंग त्याला वरून दिलेला असतो. कष्ट काढून टाकत गेलं की शेवटी खेकडाही निघून जातो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

कष्टाच्या आक्षेपाला एक टोकदार बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. हे कष्ट कोणाचे? पुरुषांनी रात्री बत्ती घेऊन ओढ्यावर जायचं, पिशवी भरून आणायची, मित्रांना जेवायला बोलवायचं, आणि साफ करणं, कुटणं, गाळणं, नंतर स्वयंपाकघर धुऊन काढणं बाईवर टाकायचं, ही पद्धत अनेक घरांत आहे. तिच्या बाजूने माझ्याकडे एक शब्दही नाही. पण त्यावर उपाय खेकडा बंद करणं हा नव्हे. ज्याने आणला त्याने मोडावा, ज्याला खायचा त्याने कुटावा. खेकडा साफ करायला पुरुषाच्या हातात नसलेलं कोणतंही कसब लागत नाही. घरातल्या बाईने “आज खेकडे आणले तर साफ करून मगच आत या” असं ठणकावून सांगितलं तर ती परंपरा मोडत नाही, ती परंपरा टिकायच्या लायकीची करते.

दुसरा आक्षेप घाणीचा आणि रोगाचा. माझ्या मते खेकडा घरी करण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा इथेच सापडतो. खेकड्यात टाकून द्यायचे भाग मोजके आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारे असतात. पाठीचं कवच उचललं की दोन्ही बाजूंना राखाडी, पिसांसारखे कल्ले दिसतात. गाळ तिथे अडकतो, ते उपटून टाकायचे. तोंडामागची जठराची पिशवी काढायची. पोटाखालची झडप काढायची. कवच आणि पायांचे सांधे ब्रशने घासून वाहत्या पाण्याखाली धुवायचे. हे ज्याने स्वतः केलं त्याला आपल्या ताटात काय आहे हे पक्कं माहीत असतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून आलेल्या, मसाल्यात बुडालेल्या खेकड्याबद्दल ही खात्री कोण देणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट, खेकडा जिवंत होता का? मेलेला खेकडा फार झपाट्याने बिघडतो; त्याचे स्वतःचे पाचकरस आणि जिवाणू त्याचं मांस आतून कुजवू लागतात. भातशेतीच्या भागात आणखी एक धोका असतो. खेकडे कोवळी रोपं कुरतडतात, बांध पोखरतात, बिळातून खाचरातलं पाणी निघून जातं, म्हणून काही शेतकरी त्यांच्यासाठी विषारी आमिष ठेवतात. असा खेकडा मरण्याआधी सुस्त पडतो. तेव्हा नियम सरळ आहे: नांगी उगारून अंगावर येणारा खेकडाच घ्यायचा; मेलेला, मरगळलेला, कारखान्याच्या किंवा गटाराच्या पाण्याजवळ धरलेला कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते तेव्हाचं तिचं पाणी आणि आळंदीला फेसाळणारं तिचं पाणी एक नाही, तसे त्या पाण्यांतले खेकडेही एक नाहीत. ही पारख ग्राहकाला फक्त एकदाच करता येते, खेकडा जिवंत समोर असताना. त्याचा रस्सा झाल्यावर ती संधी गेलेली असते.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना एक गोष्ट सुनवायला हवी. सर्दी-खोकल्यावर खेकड्याचं गरम कढण प्यावं, हे आपल्याकडे घरोघर सांगतात. नीट उकळलेलं असेल तर जरूर प्यावं. पण काही ठिकाणी औषध म्हणून कच्चा किंवा अर्धवट गरम केलेला रस पाजण्याचा सल्ला मिळतो. तो धोकादायक आहे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत पॅरागोनिमस नावाच्या चपट्या कृमीच्या अळ्या असू शकतात. गोगलगायीतून खेकड्यात आणि कच्च्या खेकड्यातून माणसाच्या फुप्फुसात असा त्याचा प्रवास. आपल्या देशात मणिपूरसह ईशान्येकडच्या राज्यांत याचे रुग्ण सापडले आहेत. खोकल्यातून रक्त पडतं, त्यामुळे क्षय समजून भलतेच उपचार होतात. कोरियात पूर्वी गोवर झालेल्या मुलांना खेकड्याच्या नात्यातल्या क्रेफिशचा कच्चा रस पाजत, आणि हा रोग पसरायला ते एक मोठं कारण ठरलं. कृमीवर उतारा सोपा आहे: पूर्ण शिजवणं. गाळलेला रस घातल्यावर रश्श्याला चांगली खळखळून उकळी येऊ द्यायची आणि मग वीसेक मिनिटं शिजू द्यायचं. खेकडा लाल झाला म्हणजे शिजला असं मुळीच नाही. कवचातला रंग प्रथिनाच्या पकडीतून सुटतो आणि ते मांस शिजण्याच्या बरंच आधी होतं. कुटलेला पाटा, मिक्सरचं भांडं, गाळायचं फडकं, विळी आणि हात, सगळं गरम पाण्याने साबण लावून धुतल्याशिवाय कोशिंबिरीच्या काकडीला हात लावायचा नाही.

ज्यांना कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र खेकडा खाऊच नये. ती ज्या प्रथिनामुळे होते ते शिजवून नष्ट होत नाही. कोलेस्टेरॉलच्या भीतीबद्दल एवढंच सांगतो की अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली गेली. खेकड्याच्या मांसात संपृक्त चरबी मुळातच कमी असते. हृदयरोग असलेल्याने आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांनी वर्षातून काही वेळा केलेल्या रश्श्याला घाबरण्याचं कारण नाही.

तिसरा आक्षेप क्रूरतेचा, आणि त्यापुढे मी मान लवतो. खेकड्याला वेदना होत नाहीत असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०२१ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून खेकडे, शेवंडी यांना संवेदना असल्याचा निष्कर्ष काढला आणि २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात या प्राण्यांचा समावेश झाला. स्वित्झर्लंडने त्याआधीच, २०१८ मध्ये, शेवंड शुद्धीत असताना उकळत्या पाण्यात टाकायला बंदी घातली होती. आपल्याकडे जिवंत खेकड्याच्या नांग्या आणि पाय एकेक करून उपटतात, मग धड चुलीपर्यंत हलत राहतं. ही रीत आपण सोडलीच पाहिजे. ती आजोबांपासून चालत आली एवढं कारण तिला पुरेसं नाही.

पण इथेही घर आणि बाहेर यांत फरक पडतो. घरी माणूस हे नीट करू शकतो. खेकडे ओल्या पोत्यासकट बर्फाच्या चुऱ्यात ठेवायचे. हालचाल पूर्ण थांबली, पाय ओढला तरी तो आखडून घेत नाही, असं झालं की उलटा करून टोकदार सुरीने दोन जागी झटकन टोचायचं: एकदा पोटाच्या झडपेखाली आणि एकदा डोळ्यांच्या मागे. खेकड्याच्या मज्जासंस्थेच्या दोन मुख्य गाठी तिथे असतात. त्यानंतरच मोडायला घ्यायचा. शनिवारी रात्री भरलेल्या हॉटेलच्या भटारखान्यात हे प्रत्येक खेकड्याच्या बाबतीत होईल अशी अपेक्षा कोण धरील? जो हॉटेलात बसून खातो त्याच्यासाठीही तो जीव मारला जातोच. कसा मारला गेला हे मात्र त्याला कळत नाही. घरी मारण्याचा त्रास होतो, आणि तो व्हायलाच हवा. त्या त्रासामुळे माणूस चार खेकड्यांवर थांबतो.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. खेकडे कमी होत आहेत. मोजदादीच्या आकड्यांवाचूनही मावळात ओढ्याकाठी राहणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं जीवन समुद्री खेकड्यापेक्षा वेगळं असतं. खाडीतली चिंबोरी लाखोंनी अंडी घालते आणि तिच्या अळ्या समुद्रात दूरवर पसरतात. आपल्या ओढ्यातल्या मादीची अंडी त्यामानाने थोडी आणि मोठी. अंड्यातून अळी बाहेर पडत नाही, थेट इवलासा खेकडाच बाहेर पडतो, आणि ही पिल्लं काही दिवस आईच्या पोटाच्या झडपेखालीच राहतात. पावसाच्या सुरुवातीला, लोक ज्या रात्री बत्ती घेऊन बाहेर पडतात त्याच दिवसांत, अनेक माद्या अशा लेकुरवाळ्या असतात. अशी एक मादी पिशवीत गेली की तिची अख्खी वीण गेली, आणि ओढ्यातली ती जागा भरून काढायला दुसरीकडून अळ्या वाहत येत नाहीत.

कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या खेकड्यांवर लिहिलेलं टिपण १८३६ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि त्यात वेस्टवूड यांनी ज्या जातीला नाव दिलं ती आज बॅरिटेल्फ्युसा कुनिक्युलॅरिस म्हणून ओळखली जाते. आपल्या पुणे जिल्ह्यातही ती आढळते. जगभरच्या गोड्या पाण्यातल्या १,२८० जातींची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या सुमारे एक षष्ठांश जाती धोक्यात असल्याचं दिसलं. सह्याद्रीतून नव्या जाती अजून सापडत आहेत. २०१६ मध्ये एकाच शोधनिबंधात पाच नव्या रंगीत जातींची नोंद झाली. अशा जाती पुष्कळदा एखाद्या सड्यापुरत्या, एखाद्या डोंगरापुरत्या असतात. त्यांना हात लावणंसुद्धा गुन्हा मानावा.

मग खाणंच बंद करावं का? माझं उत्तर नाही, आणि त्याचं कारण स्वाद हे नाही. खेकड्याला संपवतंय ते चार माणसांच्या घराचं कालवण नव्हे. ओढे सिमेंटच्या नळीत घातले जातात, उतार सपाट करून बंगले बांधले जातात, शेतात विष पडतं, आणि त्यावर कडी म्हणजे सुट्टीच्या दिवशी शेकड्यांनी येणाऱ्यांना “डोंगरी खेकडा” विकण्याची मागणी उभी राहते. या मागणीला थांबायची जागा नसते. जितके गिऱ्हाईक, तितक्या पिशव्या. नर की मादी, लहान की मोठा, हे बघायला कोणाला वेळ नसतो. घरी खेकडा करणारा माणूस मात्र प्रत्येक खेकडा उलटून बघतो. अरुंद, त्रिकोणी झडप नराची. रुंद, गोलसर झडप मादीची. हे बघता येणाऱ्याला मादी आणि लहान खेकडा सोडून देता येतो, आणि पावसाचे पहिले काही आठवडे मुळीच न धरण्याचा नियम पाळता येतो. कातकरी आणि ठाकर घरांत बीळ बघून, पाण्याचा रंग बघून, आत नर असेल की मादी याचा अंदाज बांधणारी माणसं आहेत. रस्त्याकडेला त्या घरातली बाई खेकड्यांची जुडी घेऊन बसते तेव्हा तिच्याकडून दोन गोष्टी शिकाव्यात, तिच्याशी घासाघीस करू नये आणि मादी मागू नये. आपण मादी घेतली नाही तर ती धरली जाणार नाही.

त्याच घरांचा विचार केल्यावर या चार आक्षेपांमागे लपलेला पाचवाही दिसतो. “असलं काही आपल्याकडे करत नाहीत,” “जिन्यात वास येतो.” हा वास मासळीचा असतो, तसा जातीच्या जुन्या किळसेचाही असतो. ज्या लोकांनी पावसाळ्याच्या उपासमारीत खेकड्यांवर मुलं जगवली त्यांचं अन्न घाण ठरवायचं, आणि तेच हॉटेलात पांढऱ्या बशीत आलं की त्याची भरपूर किंमत मोजायची, हा न्याय मला मान्य नाही.

म्हणून माझं सांगणं हे: हॉटेलात डोंगरी खेकडा मागवू नका. घरी करा, वर्षातून थोड्या वेळा, पहिला पाऊस जाऊ देऊन, फक्त मोठे नर, जिवंत बघून. बर्फात सुन्न करून मारा, कल्ले काढा, पाय कुटून गाळा, पूर्ण शिजवा. साफ करायला घरातल्या पुरुषांना बसवा आणि मुलांना शेजारी बसवून झडप ओळखायला शिकवा. आणि एवढं करायची तयारी नसेल तर खेकडा खाऊ नका. त्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो जीव आपल्यासाठी मारवून त्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्यात.